चाकाचे नट सुटत नाहीत? आधी पाना बघा, मग जोर लावा

टायर बसला, स्टेपनी काढली, जॅक काढला आणि गाडी नटापाशी अडली, असं होतं तेव्हा पुढच्यापैकी काहीतरी दिसतं. तुमचं कुठलं ते आधी ओळखा, कारण प्रत्येकाचं कारण वेगळं आणि उपायही वेगळा.

• पान्यावर सगळं वजन टाकलं तरी नट तसूभर हलत नाही.
• पाना हलतो, नट हलत नाही. सॉकेट, म्हणजे पान्याचं नटावर बसणारं पोकळ डोकं, नटाच्या कोपऱ्यांवरून सटकतो.
• 19 मिलिमीटरचा पाना नटावर चढत नाही आणि 21 चा डुगडुगतो.
• नट पाव-अर्धा फेरा सुटतो, मग करकरत परत घट्ट होतो.
• नट गोल गोल फिरतो, पण बाहेर येत नाही.
• सगळे नट निघाले, तरी चाक जागचं हलत नाही.

मी गुहागर तालुक्यात राहतो, घरापासून समुद्र चालत दहा मिनिटांवर. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, त्यामुळे इथे लोखंडाला गंज चढायला निमित्त लागत नाही. त्यात गणपतीला चाकरमान्यांच्या गाड्या वाडीत उतरल्या की त्यातल्या दोन-तीन तरी टायर बसलेल्या निघतात. गेली अनेक वर्षं ते चाक काढायला हाक मला येते. मी मेकॅनिक नाही. पण हे एक काम इतक्या वेळा केलंय की नटाला पाना लावल्यावर पहिल्या दाबातच साधारण कळतं, हा आपल्या हातानं सुटेल की नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. लोक म्हणतात गंजानं नट धरला. माझ्या हातून गेलेल्या बहुतेक गाड्यांत खरं कारण गंज नव्हतं, शेवटच्या वेळी नट कसा आवळला ते होतं. पंक्चरच्या दुकानात हवेवर चालणारी गन नटावर लावतात आणि घर्रर्र आवाज थांबेपर्यंत, त्यावर आणखी दोन सेकंद धरून ठेवतात. छोट्या गाड्यांच्या नटाला कंपनी 85 ते 120 न्यूटन-मीटरच्या आसपास पीळ सांगते. गन त्याच्या दुप्पट-तिप्पट पीळ सहज देऊन जाते. दुकानदाराला ते जाणवत नाही, कारण पुढच्या वेळी तो गननंच सोडतो. जाणवतं ते तुम्हाला, रात्री परशुराम घाटात, डिकीतल्या वीतभर पान्यानं.

आता हिशेब बघा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पीळ म्हणजे जोर गुणिले दांडीची लांबी. गाडीसोबत मिळणाऱ्या पान्याची दांडी साधारण 25 सेंटिमीटर धरा. 100 न्यूटन-मीटरनं आवळलेला नट सोडायला टोकाशी चाळीस किलोच्या आसपास भार लागतो. तेवढा कुणीही देऊ शकतो. तोच नट गननं 250 न्यूटन-मीटरनं आवळला असेल तर शंभर किलो लागतील, आणि इतकं वजन बहुतेकांकडे नसतंच. तिथे 60 सेंटिमीटरची दांडी लावली की चाळीस-बेचाळीस किलोत काम होतं. म्हणजे माणूस तोच, नट तोच, फक्त दांडी बदलली. लोक दंड वाढवायला बघतात, वाढवायची असते दांडी.

पाना लावण्याआधी

गाडी सपाट, कडक जमिनीवर हवी. हँडब्रेक ओढा, पहिल्या गिअरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये. ज्या चाकाचं काम आहे त्याच्या तिरक्या समोरच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धोंडे लावा. आणि नट सैल करायचे ते चाक जमिनीवर असतानाच. जॅक नंतर. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि तरीही दर वर्षी कुणीतरी गाडी उचलून मग पान्यावर लोंबकळताना सापडतं. चाक हवेत असलं की एक तर ते नटाबरोबर फिरतं, आणि दुसरं, जॅकवरची गाडी आडव्या जोरानं घसरते. आपल्याकडच्या किटमधला कात्रीसारखा जॅक सरळ उचलायला बनवलाय, आडवा धक्का त्याला सहन होत नाही.

दिशा. समोरून बघताना घड्याळाच्या उलट फिरवलं की सुटतं. हसू नका, अंधारात, पावसात, मागून हॉर्न वाजत असताना भल्याभल्यांनी नट आवळलेला मी पाहिलाय. आजच्या गाड्यांना चारही चाकांना हाच नियम. फक्त कुणाकडे हौसेनं सांभाळलेली जुनी विलीज जीप असेल तर तिच्या डाव्या बाजूच्या चाकांना आटे उलटे असतात; तिथे जोर लावत गेलात तर घट्टच होत जाणार.

मग नट खरा आहे का ते बघा. प्लॅस्टिकच्या व्हील कव्हरवर नुसते दिसायला नट कोरलेले असतात. काही ॲलॉय चाकांवर प्रत्येक नटाला वेगळी प्लॅस्टिकची टोपी असते, ती काढायचा छोटा चिमटा टूलकिटच्या पिशवीत पडलेला असतो. टोपीवरूनच पाना लावला तर टोपी चुरगळते आणि तिचे तुकडे सॉकेटमध्ये अडकून तो पुढे नीट बसत नाही.

चिखलही काढा. नटाभोवतीच्या खळग्यात लाल माती घट्ट बसलेली असते. जुना दात घासायचा ब्रश, नाहीतर काडी घ्या आणि खळगा मोकळा करा. सॉकेटच्या आतही फुंकर मारून बघा. सॉकेट नटावर पूर्ण खोल बसायला हवा. तो अर्धाच बसला तर सगळा जोर कोपऱ्यांच्या टोकांवर येतो, आणि कोपरे गेले की हे दहा मिनिटांचं काम दिवसभराचं होऊन बसतं. या एका पायरीला पैसे पडत नाहीत, म्हणून ती कुणी करत नाही. माझ्या अनुभवात सटकणाऱ्या पान्यांपैकी पुष्कळसे इथेच थांबतात.

माप आणि पकड

मारुतीच्या बहुतेक गाड्यांना आणि होंडा सिटीला 19 चा पाना लागतो. ह्युंदाई आय-20 ला आणि इनोव्हाला 21 चा. फोक्सवॅगन आणि स्कोडाला नट नसतोच, बोल्ट असतो, आणि त्याला 17 लागतो. तुमच्या गाडीचं माप मॅन्युअलमध्ये बघा, किंवा किटमधल्या पान्यावर कोरलेलं असतं ते वाचा. जुनी गाडी घेतली असेल, ॲलॉय बाहेरून बसवले असतील, तर नट बदललेले असू शकतात. अशा गाडीत किटमधला पाना नटावर जातो की नाही ते घरीच बघून ठेवा.

माप बरोबर असणं आणि पकड बरोबर असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. सॉकेट नटावर चढवा आणि बोटांनी डावी-उजवीकडे हलवा. किंचित खेळ चालेल, डुगडुग चालणार नाही. इंची पान्यांपासून सावध राहा. पाऊण इंच म्हणजे 19.05 मिलिमीटर, ते 19 च्या नटाला चालून जातं. पण तेरा-सोळांश इंच म्हणजे 20.6 मिलिमीटर; ते 21 वर चढत नाही आणि 19 वर इतकं ढिलं बसतं की पहिल्याच जोराला कोपरे खातं. घरच्या पेटीतले वडिलांच्या वेळचे पाने असे अधलेमधले निघतात.

आता सॉकेटच्या आत डोकावा. गॅरेजात ज्याला गोटी म्हणतात त्या सॉकेटच्या आत सहा कोन असतात, नाहीतर बारा. बारा कोनांची गोटी लवकर बसते, पण ती नटाला फक्त कोपऱ्यांपाशी धरते. सहा कोनांची गोटी नटाच्या सपाट बाजूंवर टेकते. जाम नटाला सहा कोनांचीच वापरा. विकत घेताना दुकानदार सेट पुढे करतो तेव्हा हे एवढं एक बघून घ्या.

19 बसत नाही आणि 21 डुगडुगतो, या लक्षणाचं उत्तर वेगळं आहे. काही नटांवर वरून चकचकीत पातळ पत्र्याची टोपी दाबून बसवलेली असते. पत्र्याखाली पाणी जातं, आत गंज धरतो, गंज फुगतो आणि टोपी फुगते. नट अर्धा-एक मिलिमीटरनं जाडावतो. अशा नटावर 19 ची गोटी हलक्या हातोडीनं ठोकून बसवता येते आणि नट निघतोही, पण मग गोटीत अडकून बसतो. उलट बाजूनं पंच घालून तो ठोकून काढावा लागतो. हे नट परत लावूच नका. एकसंध लोखंडी नटांचा संच घ्या आणि घेताना जुना नट सोबत न्या, कारण नटाचं बूड कसं आहे ते जुळायला हवं. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांचं बूड निमुळतं असतं, होंडाचं गोलसर, काही टोयोटा ॲलॉयना वॉशरसह सपाट. बूड न जुळणारा नट आवळल्यासारखा वाटतो, पण रिमला नीट धरत नाही. चालता चालता सैल होतो.

पाना कुठला घ्यावा

किटमधला एल आकाराचा पाना वाईट नाही, आखूड आहे इतकंच. तो परत डिकीत ठेवा, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

फुलीसारखा क्रॉस पाना मला घरच्या कामाला सगळ्यात आवडतो. चार टोकांना चार मापं असतात, तेव्हा शेजाऱ्याच्या गाडीलाही चालतो. पण खरा गुण दुसरा. एल पान्यावर एकाच बाजूनं दाबलं की सॉकेट नटावर तिरका होतो आणि सटकायला बघतो. क्रॉस पान्यावर एक हात खाली दाबतो, दुसरा वर ओढतो, दोन्ही जोर एकमेकांना तोलतात आणि सॉकेट सरळ राहतो. नट सैल झाला की मधली फुली हातात भोवऱ्यासारखी फिरवून चटकन काढताही येतो. उणीव दोन. ॲलॉयचा खळगा अरुंद असेल तर त्याचं जाड टोक आत जात नाही. आणि त्याच्या दांड्या फार लांब नसतात, त्यामुळे गननं फार आवळलेला नट त्यालाही दाद देत नाही.

तिथे लागतो ओढून लांब होणारा एल पाना, किंवा अर्ध्या इंचाच्या चौकोनी टोकाची लांब दांडी आणि तिच्यावर आपल्या मापाची सहा कोनांची गोटी. गॅरेजवाले या दांडीला ब्रेकर बार म्हणतात. गाडीत ठेवायला ओढता येणारा पाना बरा, तो दुमडून डिकीत मावतो. घरात ठेवायला दांडी आणि गोटी. हिला सांधा कमी म्हणून भरवसा जास्त. ओढता येणारा पाना घेताना तो पूर्ण ओढून हातात हलवून बघा. जोडात खडखड असेल तर दुसरा मागा. टापारियासारख्या चांगल्या बनावटीचं एक हत्यार पुढची वीस वर्षं जातं, रस्त्याकडेच्या चादरीवरचा चकचकीत पाना पहिल्याच जाम नटाला तोंड वासतो. शब्दशः, सॉकेट फाकतो.

रॅचेट, म्हणजे कटकट आवाज करत एकाच बाजूला फिरणारी मूठ, नट सोडायला वापरू नका. तिच्या पोटात बारीक दाते असतात. ती सैल झालेला नट भरभर काढायला आहे.

ट्रकवाल्यांकडे गिअरचा पाना असतो, हँडल फिरवलं की आतले गिअर जोर कित्येक पटींनी वाढवतात. हल्ली तो गाड्यांसाठीही मिळतो. मी तो वापरत नाही आणि सुचवतही नाही. लांब दांडीवर हाताला कळतं की नट सरकतोय की स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा, पिळवटतोय. गिअरच्या पान्यात ते काहीच कळत नाही. हात हलकेच फिरत राहतो आणि स्टड तुटून हातात येतो.

जोर लावायची रीत

मागच्या गणपतीत, दुसऱ्या दिवशी सकाळी, शेजारच्या घरी आलेल्या वहिनींची गाडी अंगणात टायर बसून उभी होती. मी गेलो तोवर तिघा-चौघांचे हात फिरले होते. एक काका वाकून पाना खालून वर उपसत होते, कमरेला हात लावून थांबत होते, परत उपसत होते. दुसरा मुलगा म्हणाला, ‘‘उडी मारू काय?’’ वहिनी दारातूनच म्हणाल्या, ‘‘अरे उडी नको, तो मागच्या वेळी मुंबईत गननं लावलाय.’’ तिथेच निदान झालं होतं.

मी पाना काढून परत लावला, या वेळी दांडी डाव्या हाताला, जमिनीला जवळजवळ समांतर. अशी लावली की खाली दाबणं म्हणजेच सोडणं. वर उपसण्यात सगळा भार कमरेवर येतो, खाली दाबण्यात स्वतःचं वजन मदतीला येतं. मग गाडीच्या टपाला एका हातानं धरलं, पायरीवर ठेवावा तसा पाय दांडीच्या टोकावर ठेवला आणि भार हळूहळू वाढवत नेला. नाही हलला. त्यावर ओढून लांब केलेला पाना लावला, सॉकेटचं डोकं वहिनींच्या मुलाला तळहातानं दाबून धरायला सांगितलं आणि तोच पाय, तोच भार. दोन-तीन सेकंद काहीच नाही, आणि मग टक्क. अडकित्त्यात सुपारी फुटते ना, तसा कोरडा, मोकळा आवाज. हा आवाज आला की समजा नट सुटला.

उलट दाबताना रबर ताणल्यासारखं मऊ वाटलं, पाना सरकतोय पण टक्क होत नाही, तर लगेच थांबा. तो स्टड पिळवटतोय, किंवा सॉकेट कोपऱ्यांवरून चढतोय.

उडी मारायची नाही, त्याचं कारण नटाशी जेवढं आहे तेवढंच तुमच्या नडगीशी आहे. पाना सटकला की पाय दांडीवरून खाली जातो आणि दांडी उसळून लागते. शिवाय झटक्यात कोपरे तुटतात, हळू वाढवलेल्या भारात तुटत नाहीत. पायात चप्पल नको, बूट हवा. ओढूनच जोर लावायचा असेल तर मूठ आवळून न धरता तळव्यानं लावा, म्हणजे सटकल्यावर बोटांची पेरं रिमवर आपटत नाहीत.

किटमधल्या पान्यावर नळाचा पाईप चढवून दांडी वाढवायची युक्ती सगळ्यांना ठाऊक असते. चालते, पण मर्यादेत. किटच्या पान्याचं लोखंड त्याच्या स्वतःच्या लांबीपुरतं बनवलेलं आहे. पाईप फार लांब लावला की पाना वाकतो किंवा सॉकेट फाकतो. दांडीची एकूण लांबी 60 सेंटिमीटरच्या पुढे नेऊ नका. तेवढ्यात एका माणसाच्या वजनाला न सुटणारा नट आणखी जोरानं सुटण्यापेक्षा तुटण्याची शक्यता जास्त.

पहिला नट सुटला की उरलेल्यांना अर्धा-अर्धा फेराच सैल करा, समोरासमोरचे घेत. मगच जॅक लावा.

तेल, हातोडी आणि मागेपुढे

लांब दांडीनंही नाही हलला तर आता खरंच गंजाचा संशय घ्या. डब्ल्यूडी-40 सारखा फवारा, नसेल तर थोडं डिझेल, गॅरेजात तेही टाकतात. पण टाकायचं कुठे ते महत्त्वाचं. नटाचं तोंड उघडं असेल, आतून स्टडचं टोक दिसत असेल, तर बरोबर आट्यांच्या कडेला. नट टोपीसारखा बंद असेल तर वरून कितीही फवारा, आत थेंब जात नाही. तो नट जिथे रिमला टेकतो त्या फटीत सोडा. जास्त नको, दोन फवारे पुरे. डिस्कवर आणि ब्रेक पॅडवर उडू देऊ नका, तेल लागलेला ब्रेक पकडत नाही. पंधरा-वीस मिनिटं थांबा. ही पंधरा मिनिटं कुणाला धीर धरवत नाहीत, पण तेलाला आट्यांमधून रांगत जायला वेळ लागतो.

नंतर गोटी नटावर बसवून तिच्या पाठीवर हातोडीचे चार-पाच सरळ ठोके. बेताचे. त्या धक्क्यानं गंजाचा थर तडकतो. स्टडच्या उघड्या टोकावर मात्र ठोकू नका. टोकाचे आटे बसले की सुटलेला नटही बाहेर येणार नाही.

आणि मग एक विचित्र वाटणारी गोष्ट करा, नट आधी किंचित आवळा. केसभर. तो आवळताना हलला तर गंजाची पकड सुटली, आता सोडायला सोपं जातं. ‘पाव फेरा सुटतो आणि करकरत घट्ट होतो’ हे लक्षण असेल तर हाच उपाय. करकर म्हणजे आटे एकमेकांना खातायत. तसंच रेटून बाहेर काढलंत तर आटे सोलले जातील. अर्धा फेरा मागे न्या, तेल टाका, पुढे या, परत मागे. दहा मिनिटं लागतील, नट निघेल. तो नट मात्र परत वापरायचा नाही आणि त्या स्टडचे आटे गॅरेजात दाखवायचे.

आग लावायची नाही. गॅसचा टॉर्च, मेणबत्ती, काही नाही. चाकाला तापवलं तर आतली हवा आणि रबर तापतं, टायर फुटून माणसं दगावतात. शिवाय बेअरिंगचं ग्रीस जातं. लोखंडी दरवाजाच्या बिजागरीला जे चालतं ते इथे चालत नाही.

सगळे नट निघाले, चाक निघत नाही

हे किनाऱ्यावरच्या ॲलॉयवाल्या गाड्यांना हटकून होतं. रिम ॲल्युमिनियमचं, ते ज्याला टेकतं तो हब लोखंडाचा, मध्ये खारं पाणी. दोन धातूंच्या मधे पांढरी-तांबूस पूड धरते आणि रिम हबला चिकटतं. लोक मग जॅकवरच्या गाडीला लाथा मारतात. नको. सगळे नट परत हातानं लावा, प्रत्येकी दोन फेरे सैल ठेवून. गाडी खाली घ्या, तिरक्या समोरच्या चाकाचे धोंडे तसेच असू द्या, आणि दाराच्या चौकटीला धरून गाडी आडवी डोलवा. गाडीचं स्वतःचं वजन चाक सोडवतं, नट लावलेले असल्यानं चाक निखळून पडत नाही. नाहीच हललं तर परत उचलून टायरच्या बाजूवर, रिमवर नव्हे, लाकडी ओंडक्यानं वेगवेगळ्या जागी ठोका.

निघाल्यावर हबचा चेहरा तारेच्या ब्रशनं घासून ग्रीसचा अगदी पुसट हात फिरवा. ग्रीस तिथेच, स्टडच्या आट्यांना नाही. बहुतेक कंपन्या आटे कोरडे ठेवायला सांगतात, कारण तेलकट आट्यांवर तेवढ्याच पिळानं स्टड जास्त ताणला जातो. आधी सोडायला टाकलेलं तेलही लावण्यापूर्वी फडक्यानं पुसून काढा.

इथे थांबा

यातलं काहीही झालं की पाना खाली ठेवा आणि माणूस बोलवा. इथे जिद्द धरून फक्त खर्च वाढतो.

नट फिरतोय पण बाहेर येत नाही. म्हणजे मागे स्टड हबमध्ये गोल फिरतोय, किंवा आटे गेलेत. हातच्या हत्यारांनी हे सुटत नाही, नट कापावा लागतो आणि स्टड नवा घालावा लागतो.

नटाचे दोन कोपरे गोल झाले. चार उरलेत म्हणून पुढे जाऊ नका. गॅरेजकडे आत उलटे पीळ असलेल्या गोट्या असतात, त्या झिजलेल्या नटात रुतून त्याला फिरवतात. पण त्यांनाही रुतायला थोडं मांस लागतं. तुम्ही नट पूर्ण गोल करून ठेवलात तर वेल्डिंग किंवा कापणं उरतं.

स्टड तुटला. चार नटांच्या चाकावर एक तुटला तर त्यावर गाडी चालवत गॅरेजला जाऊ नका, गॅरेज गाडीपाशी आणा.

लॉकचा नट, म्हणजे चाक चोरीला जाऊ नये म्हणून लावलेला, नक्षीच्या खास चावीनंच निघणारा नट, आहे आणि त्याची चावी सापडत नाही. आधी ग्लोव्ह बॉक्स, स्टेपनीचा खळगा, टूलकिटची पिशवी धुंडाळा. नाही मिळाली तर त्यावर गोटी ठोकू नका. आणि चावी मिळाली तरी तो नट गननं कुणाला सोडू-आवळू देऊ नका, चावीची नक्षीच तुटते.

जागा नीट नाही. उतार, वळण, मऊ साइडपट्टी, अंधार, जोराचा पाऊस. नट कितीही सोपा असो, घाटात वळणावर रस्त्याकडे पाठ करून वाकायचं नाही. हॅझर्ड दिवे लावा, त्रिकोण मागे लांब ठेवा, माणसं कठड्याच्या आत घ्या आणि राष्ट्रीय महामार्गावर असाल तर 1033 ही महामार्गाची हेल्पलाइन लावा. टायर बसलेल्या अवस्थेत शंभर-दोनशे मीटर हळू नेऊन सपाट जागा मिळत असेल तर न्या. टायर जाईल, जाऊ दे.

परत लावताना

नट आधी बोटांनी लावा, निदान चार-पाच फेरे. बोटांनी जात नसेल तर आटे वाकडे धरलेत, काढून परत लावा. मग हलका पीळ, समोरासमोर. पाच नटांना चांदणी काढतो तसं एक सोडून एक. चाक जमिनीवर टेकवून शेवटचा पीळ. टॉर्क रेंच, म्हणजे पीळ मोजून देणारा पाना, असेल तर उत्तम, आकडा मॅन्युअलमध्ये असतो, होंडा सिटीला 108, इनोव्हाला 103, पोलोला 120 न्यूटन-मीटर. नसेल तर किटमधला आखूड पानाच वापरा आणि हातानं नेटानं दाबा, पाय नको. कंपनीनं तो पाना आखूड ठेवलाय तो आवळायला बरोबर पुरावा म्हणून. लांब दांडी सोडायला, आखूड आवळायला. पन्नास किलोमीटर गेल्यावर सगळे नट एकदा परत बघा, विशेषतः ॲलॉयचे.

आणि पंक्चर काढून घेताना दुकानात उभं राहा. ‘‘दादा, गननं नुसता टेकवा, शेवटचा पीळ हातानं मारा,’’ एवढं सांगितलं की बहुतेक जण ऐकतात, क्रॉस पाना त्यांच्याकडे असतोच. कुणी ऐकलं नाही तर त्याच दिवशी घरी येऊन, अंगणात, उजेडात, एकेक नट सोडून परत हातानं लावा. आमच्या शेजारच्या वहिनी आता मुंबईहून निघायच्या आदल्या संध्याकाळी हे स्वतः करतात, चारही चाकांना. वीस मिनिटं लागतात म्हणाल्या. त्यातच स्टेपनीची हवाही बघून घेतात, कारण या वर्षी नट सगळे सुटले होते आणि स्टेपनीच बसलेली निघाली होती.